उजव्या हाताला सुरू होणारी गोष्ट

मी आर्वीला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. चित्रकलेच्या बाईला शाळेत काय किंमत असते ते वेगळं सांगायला नको. गणिताच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास माझ्या गळ्यात, स्नेहसंमेलन आलं की मागचा पडदा माझ्या गळ्यात, आणि साहेब तपासणीला येणार असले की फळ्यावर रंगीत खडूने कमळं काढायची तीही मीच. त्यामुळे एका शनिवारी दुपारी मिशनचे फादर मोटारसायकलवरून माझ्या बिऱ्हाडी आले आणि म्हणाले की त्यांना एक अख्खी गोष्ट चित्रांत हवी आहे, तिच्यात एकही अक्षर नको, तेव्हा मी चहा विचारायच्या आधीच हो म्हणून टाकलं. चहा नंतर केला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. फादर मूळचे केरळचे. मराठी बोलत भराभर, पण त्यांच्या मराठीत सगळ्या जगाला एकच लिंग होतं, पुल्लिंग. तालुक्याच्या डोंगराकडच्या अंगाला गोंडांच्या वस्त्या आहेत. तिथे सिस्टर्सचा छोटा दवाखाना होता आणि टिनाचं छप्पर घातलेली प्रार्थनेची लांबट खोली होती. नाताळला त्या खोलीच्या चारही भिंतींवर कापडावर रंगवलेली चित्रं लावायची असा त्यांचा बेत होता. म्हातारी माणसं वाचत नाहीत, बाया घरी गोंडी बोलतात, आणि आपलं मराठी तर तुम्ही ऐकताच आहात, असं ते स्वतःच हसत म्हणाले. म्हणून शब्द नकोत. माणसाने पाहावं आणि समजावं.

त्यांच्याबरोबर एक तिशीतला काटकुळा माणूस आला होता. मिशनचा प्रचारक. तो स्वतः त्याच वस्तीवरचा गोंड होता, आणि जी गोष्ट मला काढायची होती ती त्याचीच होती. फादर बोलत होते तोवर तो दाराशी उभा राहिला. पुढच्या शनिवारी एकटा सायकलवर आला तेव्हा कुठे सतरंजीवर बसला आणि जमिनीकडे पाहत त्याने सगळं सांगितलं.

त्याची मुलगी दोनेक वर्षांची असताना तापाने फणफणली. त्याच्या बापाने आपल्या देवाचं होतं नव्हतं ते सगळं केलं. ताप हटेना. मग याने पोरीला खांद्यावर टाकलं आणि टेकडी ओलांडून सिस्टर्सच्या दवाखान्यात नेलं. रात्रभर ओसरीवर बसून राहिला आणि तिथे भिंतीवर जो क्रूस होता त्याच्याशी बोलला. हे पोरगी वाचली तर मी तुह्या मांगं येतो, एवढंच बोलला. पोरगी वाचली. तो गेला.

मला अशा गोष्टींचा तिटकारा होता, खरं सांगते. औषधाची बाटली दाखवून देव बदलायला लावायचा, हा काय धर्म झाला, असं माझं स्वच्छ मत होतं आणि मी ते फादरांना तोंडावर सांगितलंही होतं. पण या माणसाच्या सांगण्यात कुणाला खूश करायचा भाव नव्हता. त्याने शब्द दिला होता आणि तो पाळत होता. त्याच्यापुढे माझं मत मला जरा स्वस्त वाटलं.

पहिलं चित्र म्हणजे तो मिशनमध्ये जायच्या आधीचं. वस्तीची माणसं देवाजवळ जमली आहेत, त्यांच्यात हाही आहे. ऐनाचं झाड, ते त्याला साजा म्हणतात. त्याच्या बुंध्याशी देव. आता देव कसा दिसतो ते मी विचारलं. फादरांनी आधीच सुचवून ठेवलं होतं की काहीतरी काळं, शिंगांचं, भीतीदायक काढा. प्रचारकाने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"त्याले तोंड नाई बाई," तो म्हणाला. "काढू नका."

तू तर आता त्याला मानत नाहीस ना, असं मी विचारलं. त्यावर तो हळूहळू सांगू लागला की तो देव म्हणजे एकटा देव नाही. कुळातलं माणूस मेलं की काही काळाने त्याला देवात मिळवतात. त्याचा आजा तिथे आहे, पणजा तिथे आहे. मेलेल्याला तिथवर आणायचं काम मुलाचं. मुलगा पुढे चालतो, मागे वळून पाहत नाही, आणि मेलेला त्याच्या मागून येतो. मुलाने आणलं नाही तर तो शिवेबाहेर बसून राहतो. किती दिवस, असं मी मूर्खासारखं विचारलं. तो म्हणाला, आणेपर्यंत.

"बाबाले तेच चिंता हाय," तो म्हणाला. "मले म्हणते, तू तं गेला फादरच्या मांगं. मंग मले कोन नेईन?"

काय उत्तर देतोस, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. एकुलता एक मुलगा होता तो.

मी देव काढला नाही. झाड काढलं, माणसांच्या पाठी काढल्या आणि बुंध्याशी कापड कोरं सोडलं. फादर कुरकुरले की लोक कशाकडे पाहताहेत तेच कळत नाही. मी म्हटलं, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. माझं हे असंच असतं, उचलली जीभ लावली टाळ्याला.

मांजरपाटाच्या कापडाला सरस आणि खडूची पूड लावून ते ताणून वाळवायचं, मग त्यावर रंग. शाळा सुटल्यावर मी रोज बसत असे. शब्दांशिवाय गोष्ट सांगणं मला वाटलं होतं त्याच्या दसपट कठीण निघालं. "दुसऱ्या दिवशी" हे कसं काढायचं? "म्हणून" कसं काढायचं? मी युक्त्या केल्या. सगळ्या चित्रांत त्याला एकच हिरवा सदरा घातला, म्हणजे ओळखू यावा. शेवटी फक्त पांढरा. झाडाखाली जमलेली माणसं; मग झोपडीत तापाने पडलेली पोरगी; मग पोरीला खांद्यावर घेतलेला तो, टेकडीवरून थेट आपल्याकडे चालत येणारा; मग सिस्टर चमच्याने औषध पाजते आहे; मग पोरगी अंगणात खेळते आहे; मग तो प्रार्थनेच्या खोलीच्या उंबरठ्यावर, एक पाय आत; आणि शेवटी आत, पांढऱ्या सदऱ्यात, गुडघ्यांवर. समोरून चालत येणारा माणूस काढणं सोपं नसतं. ते चित्र साधलं म्हणून मी दोन दिवस हवेत होते.

पहिल्या चित्राचं मात्र मला भय वाटू लागलं. सगळी कापडं भिंतीला टेकवून ठेवलेली असत, आणि भर दुपारी, रस्त्यावर टांगे-सायकली चालू असताना, त्या कोऱ्या तुकड्याकडे पाठ करून बसणं मला जमेना. तिथे काही नव्हतं हे मला ठाऊक होतं, मीच तर ठेवलं नव्हतं. तरी मी बसायची जागा बदलली. पुढे तर त्या कापडावर जुनं लुगडं टाकून ठेवू लागले. घरमालकीण म्हणाली, बाई, चित्राले कायले पडदा? मी धूळ बसते म्हणून सांगितलं.

नाताळच्या सकाळी एसटीने गेले. चित्रं मी माझ्या हाताने लावली. खोलीला एकच दार होतं. मधोमध फादरांनी गवताचा गोठा मांडून त्यात बाळ ठेवलं होतं. मी दाराच्या डाव्या हाताला झाडाचं चित्र लावलं आणि तिथून भिंतींच्या कडेने पुढेपुढे जात दाराच्या उजव्या हाताला पांढऱ्या सदऱ्याचं. देवळात आपण जातो तसं, आत शिरायचं, डावीकडे वळायचं, मधला देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं. मी त्यावर क्षणभरही विचार केला नव्हता. पाणी पितानाही आपण कुठे विचार करतो?

प्रार्थना झाली, मिशनची माणसं बाहेर आली आणि मग बाकीची वस्ती चित्रं बघायला आत शिरली. सगळी नटूनथटून, पोरांना कडेवर घेऊन. आणि आत आलेलं एकूण एक माणूस उजव्या हाताला वळलं.

मला वाटलं पहिला चुकला म्हणून मागचे चुकले. पण तसं नव्हतं. गोंड माणूस देवाभोवती फिरतो, लग्नात फिरतो, मयतात फिरतो तो असाच, मधलं डाव्या हाताला ठेवून. मधे गोठा होता, त्यात बाळ होतं, देवासारखंच काहीतरी होतं. मग ते दुसऱ्या कुठल्या बाजूने फिरणार?

मी कोपऱ्यात उभी होते, आणि माझी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर उलट चालू लागली. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आत गुडघ्यांवर बसला आहे. मग तो उंबरठ्यावर, हिरवा सदरा घालून, एक पाय बाहेर. त्याची पोरगी अंगणात खेळते आहे. सिस्टर तिला चमच्याने काहीतरी पाजते. तो पोरीला खांद्यावर घेऊन टेकडी उतरतो. पोरगी तापाने पडते. आणि मग तो झाडाखाली, आपल्या माणसांत. कुठेही अडत नव्हतं. कुठेही काही कमी नव्हतं. मी आठवडेच्या आठवडे घालून जी गोष्ट बांधली होती तिच्या पोटात ही दुसरी गोष्ट सबंध बसलेली होती, आणि मला तिचा पत्ता नव्हता.

प्रचारकाचा बाप सगळ्यांच्या पुढे होता. उंच, वाकलेला, डोक्याला पांढरं फडकं बांधलेला. ही चित्रं आपल्या मुलाची आहेत हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. म्हातारा एकेका चित्रापुढे थांबे, मागच्या बायांना काहीतरी सांगे आणि पुढे सरके. औषधाच्या चित्रापुढे त्याने मान हलवली. आजारी पोरीपुढे तो जरा जास्त थांबला. मग झाडापाशी आला आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी अजून विसरलेले नाही.

"आला," तो वळून मोठ्याने म्हणाला. "पाह्यलं का? वापस आला."

मग त्याने पुढे होऊन बुंध्याशी सोडलेल्या कोऱ्या कापडावर तळहात ठेवला. चांगला पसरून, दाबून ठेवला.

"इथं मी आहो," तो म्हणाला.

ज्या जागेकडे मला पाठ करवत नव्हती, तिथे हा माणूस घरी आल्यासारखा हात ठेवून उभा होता.

फादरांना मी बाहेर गाठून सांगितलं. ते आधी खोखो हसले, मग म्हणाले की उद्या सगळी चित्रं उलट क्रमाने लावू, काय त्यात? त्यांचंही खरं होतं. माणूस वाईट नव्हता. पण म्हाताऱ्याने आज पाहिलं ते उद्या कसं काढून घेणार होते?

प्रचारक विहिरीच्या काठाशी बसला होता. त्यानेही दारातून पाहिलं होतं. मी जवळ गेले तेव्हा तो म्हणाला की बापाला खरं सांगावं लागेल. मी त्याच्यावर चिडलेच. माझी शाळेतली भाषा सुटली आणि देवळीकडच्या आमच्या घरची तोंडात आली. "राहू दे ना भाऊ," मी म्हटलं, "म्हातारा खुशीत हाय. दोन-चार वर्सं खुशीत काढन. तुह्यं काय जाते?"

"तो भरवशावर बसन, बाई. अन् मी तं नेनार नाई."

मग तो गेल्यावर नेशील, असं मी म्हटलं. एक दिवस जाऊन त्याला पोचवून ये, फादरांना कोण सांगतंय? त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चित्रं मी काढली आणि मलाच ती दिसली नाहीत.

"त्या बाजूनं गेलं तं मंधात पोरगी बिमार पडते," तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे, ते रंग आहेत. खडू आणि सरस आहे.

"ते मालूम हाय मले. तरी पडते."

तेव्हा कुठे मला पुरतं कळलं. पोरीच्या जिवाच्या बदल्यात त्याने शब्द दिला होता. झाडाकडे परत जायची वाट त्या शब्दावरूनच जात होती, आणि त्या वाटेवर त्याची मुलगी पडलेली होती. मीच तिला तिथे काढून ठेवली होती, अंगावर गोधडी घालून, डोळे मिटून. मी पुढे वाद घातला नाही.

जेवणं झाल्यावर, खोली रिकामी झाली तेव्हा, त्याने बापाला हाताला धरून आत नेलं. माझी एसटी यायला वेळ होता. मी दारातच बसले होते, उठून जायला हवं होतं पण उठले नाही. त्याने बापाला डाव्या हाताला वळवलं. म्हातारा अडखळला. त्या बाजूने पाऊल टाकायची त्याला सवयच नव्हती. दोघे झाडापाशी उभे राहिले आणि मुलगा हलक्या आवाजात गोंडीत सांगू लागला. मला शब्द कळत नव्हते, पण गोष्ट तर माझीच होती. झाड मागे पडलं. पोरगी पडली. टेकडी. औषध. पोरगी खेळू लागली. उंबरठा. म्हातारा मधूनमधून मान मागे वळवून झाडाकडे पाही, आणि दर वेळी ते आणखी लांब गेलेलं असे.

शेवटच्या चित्रापुढे तो खूप वेळ उभा राहिला. त्यात मी कुठेच कापड कोरं सोडलं नव्हतं. भिंत, खिडकी, मेणबत्त्या, गुडघ्यांवर बसलेली माणसं, सगळं कसं नीट भरून काढलं होतं. म्हाताऱ्याने हात उचलला, चित्रावरून वरच्यावर फिरवला, जागा शोधत असल्यासारखा, आणि खाली घेतला.

"मंग याच्यात मी कुठं आहो?" त्याने विचारलं. हे त्याने गोंडीत विचारलं नाही. मलाही कळावं म्हणून असेल.

म्हातारा आमच्या मधून बाहेर निघून गेला.

तो पुढच्या पावसाळ्यात वारला. आजारी नव्हता. मला हे बऱ्याच महिन्यांनी कळलं, प्रचारक आर्वीच्या बाजाराला आला होता तेव्हा. बापाने शेवटी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, असं प्रचारक म्हणाला, की माझ्या पोराला कुणी बोलवायचं नाही आणि याच्या बदली दुसऱ्या कुणी मला न्यायचं नाही. मी बसतो शिवेबाहेर. तसंही चुलत्याने कानावर हात ठेवलेच होते. जिता मुलगा असताना आपण कसं न्यावं, असं तो म्हणे.

त्या काळात मला एक वाईट सवय लागली. कुठल्याही खोलीत, सभेत, दुकानात शिरले की आधी उजव्या हाताला पाहायची. वर्गात मुली ओळीने चित्रं मांडून दाखवत, तर मी ती शेवटून बघू लागे आणि मग माझं लक्ष उडून जाई. मुली हसत. मुख्याध्यापिकांनी एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं.

ऐंशीचं दशक उजाडून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. उन्हाळ्याच्या तोंडी प्रचारक शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्यांच्या कुळाचे लोक गावोगावहून जमणार होते, आपापल्या मेलेल्यांना देवात मिळवायला. तुमी चाला संगं, म्हणाला, मले एकट्यानं जमनार नाई. तू जाणार आहेस का आत, असं मी विचारलं. तो म्हणाला की त्याला माहीत नाही. मुलगी कशी आहे ते मी विचारलं. ती चांगली होती, मिशनच्या शाळेत जात होती.

शिवेवर दगडांची एक ओळ होती. पलीकडे झाड, माणसं, ढोल. आम्ही दोघे अलीकडे मोहाच्या झाडाच्या सावलीत बसलो. एकेक घर येत होतं. मुलगा पुढे, नजर समोर, पावलं सावकाश. त्याच्या मागे काही नसे, फक्त तापलेला रस्ता, आणि तरी बाया वाट सोडून बाजूला सरत. मी ती रिकामी वाट पाहत होते आणि मला एकदाही ती रिकामी वाटली नाही. प्रचारक घामाने भिजला होता. मधे एकदा तो उठला, दगडांपर्यंत गेला. एक पाय उचलला. मी जा, जा, असं मनातल्या मनात म्हणत होते, मग पोरीचं मिटलेल्या डोळ्यांचं तोंड आठवलं आणि नको, नको म्हणू लागले. तो किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. मग परत येऊन बसला.

पलीकडे जेवणं वाढली. जे अजून आत आले नाहीत अशांसाठी शिवेवर पानं ठेवायची रीत असावी. त्याची म्हातारी चुलती पळसाचे द्रोण घेऊन आली. तिने दगडाजवळ एक द्रोण ठेवला आणि वाकून हात जोडले. तो बापाचा. मग तिने दुसरा द्रोण घेतला आणि त्याच्याच शेजारी, आमच्या बाजूला, प्रचारकापुढे ठेवला. मला काही दिलं नाही; मी ना मेलेली, ना त्यांची.

दुसऱ्या देवापुढचं खायचं नाही, हे तो स्वतः वस्त्यावस्त्यांवर जाऊन लोकांना शिकवत असे. तो त्या दोन द्रोणांकडे पाहत राहिला. मग बापाच्या द्रोणाजवळ सरकून मांडी घालून बसला, आपला द्रोण उचलला आणि जेवला. शेवटच्या शितापर्यंत जेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मलाही रडू आलं.

जेवण झाल्याझाल्या तो उठला. हातसुद्धा नीट धुतले नाहीत, घाईघाईने सायकल काढली.

"घरी जातो, बाई," तो म्हणाला. "पोरीचं आंग गरम हाय का पाहतो."